नव्या घराच्या ओट्यासाठी ओव्हन: बिल्ट-इन घेऊ, कुकिंग रेंज घेऊ की ओटीजीच बरा?

आंबेमोहोर:

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय. आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती, आता नव्या घराचं किचन करायला घेतलंय आणि फर्निचरवाले रोज विचारतायत की ताई ओव्हन कुठे बसवायचा ते आत्ता सांगा, एकदा ट्रॉल्या बनल्या की मग जागा निघणार नाही.

घरात आम्ही ५ जण. सासूबाईंची रोज ज्वारीची भाकरी असते, ती तव्यावरून काढून थेट जाळावर फुगवायची, शिवाय वांग्याचं भरीत, भाजलेले पापड, त्यामुळे गॅस राहणारच, सगळं इंडक्शनवर न्यायचा विचार नाही. माझं म्हणाल तर मला बेकिंग मनापासून आवडतं. दर आठवड्याला घरचा ब्रेड असतो, मधे मधे लादीपाव, मुलांचे केक, आणि दिवाळीत ओळखीच्या लोकांच्या नानकटाईच्या ऑर्डरी घेते. हे सगळं सध्या कन्व्हेक्शनवाल्या मायक्रोवेव्हवर चालू आहे. केकबद्दल तक्रार नाही, पण ब्रेडचा तळ कायम पांढरट राहतो, वरून रंग आला तरी खालून दाबलं की मऊच, आणि नानकटाई त्या गोल फिरत्या ताटलीवर एका वेळी मावतात किती, ऑर्डर पूर्ण करायला मध्यरात्र होते.

दुकानात गेले तर एकाने हॉबखाली (हॉब म्हणजे ओट्यात रुतवलेली शेगडी) बिल्ट-इन ओव्हन, म्हणजे कपाटातच बसवायचा, दाखवला, दुसरा म्हणाला कुकिंग रेंज घ्या म्हणजे शेगडी आणि ओव्हन एकातच, आणि नणंद म्हणते की मोठा ओटीजी (ओट्यावर सुटा ठेवायचा विजेचा ओव्हन) घे, बाकीचे पैसे वाचव. ओव्हनसाठी चाळीसेक हजारांपर्यंत जाऊ शकते. गॅस सध्या सिलेंडर, पण बिल्डिंगला पाइपलाइन येणार आहे. रोज वापरणाऱ्यांनी खरंखुरं सांगा, प्लीज.

तारजोडणी:

ताई, कुठला ओव्हन ते नंतर, आधी वायरिंग. मी इलेक्ट्रिकल कामं करतो आणि नव्या किचनमध्ये हेच मागे राहतं, टाइल्स लागल्यावर लोकांना ओव्हनची आठवण येते आणि मग भिंत फोडायची नाहीतर एक्स्टेन्शन बोर्ड लावायचा. एक्स्टेन्शनवर ओव्हन कधीच लावू नका, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

हिशोब सोपा आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट. छोटं ३ पिनी सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे ते जेमतेम १३८० वॉट झेपवतं. मोठं सॉकेट १६ अँपिअरचं, म्हणजे साधारण ३६८० वॉट. ३० लिटरच्या आसपासचा ओटीजी १५००-१६०० वॉटचा असतो, म्हणजे तिथेच छोटं सॉकेट बाद. बरेच जण प्लग बसत नाही म्हणून कन्व्हर्टर पिन लावतात, आठवडाभर चालतं, मग सॉकेट तपकिरी पडतं, वास यायला लागतो, आणि तेव्हा मला फोन येतो. बिल्ट-इन ओव्हन अडीच ते साडेतीन किलोवॉटपर्यंत जातो, त्याला मेन डीबीपासून (घरातल्या सगळ्या स्विचांची मुख्य पेटी) स्वतंत्र लाइन ओढून घ्या, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतःचा २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच. अर्थिंग तपासून घ्या, ओव्हनची बॉडी पूर्ण धातूची असते त्यामुळे तिथे चालढकल नको.

आणि हे सॉकेट ओव्हनच्या बरोब्बर मागे घेऊ नका, शेजारच्या ट्रॉलीत किंवा वरच्या कपाटात घ्या. मागे घेतलं तर प्लगच्या जाडीमुळे ओव्हन पुढे येतो, शिवाय काही झालं तर बंद करायला हात पोचत नाही. सँक्शन्ड लोड किती मंजूर आहे तेही वीजबिलावर लिहिलेलं असतं ते बघा, गीझर, एसी आणि ओव्हन एकदम लागणार असतील तर वाढवून घ्यावा लागेल. इन्व्हर्टरवर ओव्हन चालेल असं दुकानदार सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, घरातले नेहमीचे इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांसाठी असतात.

खमीर:

आंबेमोहोर, तुमचा तळ पांढरट का राहतो ते आधी सांगते म्हणजे पुढचं ठरवणं सोपं जाईल. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये कॉइल बहुतेक वेळा मागे किंवा वर असते आणि पंखा ती गरम हवा फिरवतो, खाली कॉइल नसतेच. त्यात टिन उंच स्टँडवर आणि खाली काचेची ताटली, म्हणजे तळाला थेट उष्णता मिळायला काही मार्गच नाही. वर बऱ्याच मॉडेलचं तापमान २००-२३० च्या पुढे जात नाही आणि दार उघडलं की आतली गरम हवा गेली, साठवून ठेवायला आत जड असं काही नाही. केकला १७०-१८० लागतं आणि त्याला मऊ कडाच हव्या असतात म्हणून केक चांगला होतो. ब्रेडला सुरुवातीला २२० चा खालून तडाखा लागतो, तो मिळाला की पहिल्या ८-१० मिनिटांत ब्रेड उसळी मारतो आणि तळ खरपूस होतो.

ओटीजीत वर दोन आणि खाली दोन दांड्या असतात आणि बटणाने फक्त वरच्या, फक्त खालच्या किंवा दोन्ही असं निवडता येतं, ब्रेडवाल्यांना नेमकं हेच हवं असतं. अडचण अशी की ओटीजीला इन्सुलेशन जवळपास नसतं, पातळ पत्रा असतो, त्यामुळे भिंतीपासून आणि कपाटापासून सगळीकडून चार बोटं तरी जागा मोकळी सोडावी लागते, बंद ट्रॉलीत तो ठेवायचाच नाही, लॅमिनेट सुटतं. आणि आतली उंची कमी असल्यामुळे ब्रेड फुगला की वरच्या दांडीच्या फार जवळ जातो आणि करपतो, अशा वेळी वर फॉइलची सैल टोपी ठेवायची आणि टिन सगळ्यात खालच्या खाचेत. थर्मोस्टॅटचा काटा १८० दाखवतो तेव्हा आत १६० असू शकतं किंवा २०० सुद्धा, म्हणून काही शे रुपयांचं ओव्हन थर्मामीटर मिळतं ते आत टांगून ठेवा, माझ्या मते कुठल्याही ओव्हनबरोबर पहिली खरेदी हीच असावी. नानकटाई १६० वर हळूहळू व्हायला हवी, रंग न धरता आतपर्यंत कोरडी, तिथे २० अंशांचा फरक म्हणजे एक अख्खं ताट वाया.

बिल्ट-इनची जागा ६० सेंटीमीटर रुंद, पोट ६५-७० लिटर, ट्रे आडवा जवळपास ४५ सेंटीमीटर. भोवती जाड इन्सुलेशन आणि वर कूलिंग फॅन असतो म्हणून तो लाकडी कपाटात बसू शकतो. मागे पंख्याभोवती गोल कॉइल असलेलं मॉडेल घेतलं तर दोन ट्रे एकदम लागतात, नानकटाई खालीवर सारख्या भाजल्या जातात (पंखा चालू असेल तर रेसिपीतलं तापमान २० ने कमी धरायचं). तुम्ही ऑर्डरी घेता, ब्रेड दर आठवड्याला करता आणि घर नवीन आहे, तर मी तुमच्या जागी बिल्ट-इन घेईन. महिन्यातून एखादा केक करणाऱ्या बाईला मी हा सल्ला कधीच देणार नाही, तिला ३० लिटरचा ओटीजी भरपूर झाला.

मेनूची संख्या बघून भुलू नका, कुणाचे १२ कुणाचे ७०, तुम्हाला लागणार चारच: खालची-वरची कॉइल, पंख्यासकट, फक्त खालची, आणि ग्रिल. फक्त खालची कॉइल वेगळी चालू होते का हे दुकानात स्वतः बटण फिरवून बघा. स्वस्तातल्या काही मॉडेलमध्ये ते नसतं.

कुडाळची काकू:

खमीर म्हणते ते पुण्यासाठी ठीक आहे गं, पण कुकिंग रेंजला कुणीच बरं म्हटलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे सिंधुदुर्गात पावसाळ्यात वारं सुटलं की लाईट गेलीच समज, कधी तासाभरात येते कधी दुसऱ्या दिवशी. विजेचा ओव्हन असता तर मळलेलं पीठ तसंच आंबट होत बसलं असतं. माझी ६० सेंटीमीटरची गॅसवरची रेंज आहे, वर ४ बर्नर, खाली गॅसचा ओव्हन, सिलेंडर संपेपर्यंत कशाची फिकीर नाही.

त्याची रीत मात्र समजून घ्यावी लागते. जाळ फक्त तळाशी असतो, त्यामुळे खालून छान भाजतं, वरून रंग येत नाही, मग शेवटची २-३ मिनिटं वरचं ग्रिल लावायचं. गॅस जळताना वाफ तयार होते म्हणून आतली हवा ओलसर असते, पाव त्यात मऊ लुसलुशीत होतात, पण बिस्किटं कडक व्हायला वेळ घेतात. फार मंद आच जमत नाही, १३०-१४० च्या खाली आणणं कठीण, म्हणजे मेरिंग (अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून मंद आचेवर वाळवतात ते) वगैरे विसरायचं. घेताना एकच गोष्ट नक्की बघ, ओव्हनच्या बर्नरला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस हवंच. आत जाळ विझला तरी बाहेरून कळत नाही, ते असलं की गॅस आपोआप बंद होतो. वरच्या बर्नरना पण असेल तर उत्तम, दूध उतू जाऊन जाळ विझणं हे कुठल्या घरात होत नाही?

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी तूप, साखर, रवा, मैदा घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भट्टीतून भाजून आणायची, पत्र्याचे डबे भरून. ती चव घरच्या ओव्हनला येते का? माझ्या गॅस ओव्हनला बरीच जवळ येते, एवढं सांगते.

खमीर:

काकू, जिथे लाईटचा भरवसा नाही तिथे गॅस ओव्हनच, मान्य. आंबेमोहोरकडे कोथरूडला तो प्रश्न तेवढा नाही आणि नानकटाईचं तिचं काम कोरड्या हवेत जास्त चांगलं होईल, म्हणून मी विजेचा म्हटलं. लादीपावाला वाफ हवी असेल तर विजेच्या ओव्हनमध्येही पहिल्या १० मिनिटांसाठी खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतून ठेवता येतं.

परसदार:

न्यू जर्सीहून लिहितोय, इथे जवळपास प्रत्येक घरात रेंजच असते, ३० इंची, म्हणजे आपली ७६ सेंटीमीटर, आणि विजेची असली तर २४० व्होल्टची ४० किंवा ५० अँपिअरची वेगळी लाइन घर बांधतानाच दिलेली असते. किचनच तसं आखलेलं असतं म्हणून इथे रेंज सोयीची पडते. पुण्यातल्या ग्रॅनाइटच्या सलग ओट्यात रेंज बसवायची तर ओटा मधे तोडावा लागेल आणि दोन्ही बाजूंच्या फटीत तेलपाणी जात राहणार. शिवाय ओव्हन गुडघ्याशी येतो, गरम जड ट्रे रोज वाकून काढायचा, आणि दोन्हीतलं एक बिघडलं की बदलायचं दोन्ही.

आमच्याकडे काचेचा सपाट टॉप आहे, त्यावर आईचा खोलगट तवा टेकतच नाही, भाकरी करायला जाळ नाही म्हणून तिने वायरची जाळी ठेवून फुलके फुगवायला सुरुवात केली, भाकरी मात्र तिला मनासारखी होत नाही. सासूबाईंसाठी गॅस ठेवताय हे फार चांगलं करताय.

आणखी एक, कुणी इथून भारतात परत जाताना ओव्हन किंवा गॅसची रेंज सामानात नेऊ नका. विजेची लाइन वेगळी, गॅसच्या रेंजचं इग्निशन १२० व्होल्टवर चालतं, बर्नरचे जेट (गॅस बाहेर येतो ती बारीक भोकं) इथल्या नॅचरल गॅसचे, तिकडच्या सिलेंडरला जसेच्या तसे लावले तर जाळ भसाभसा मोठा आणि पिवळा येतो. इथल्या रेसिपी फॅरेनहाइटमध्ये असतात, ३५० म्हणजे आपले साधारण १७७ सेल्सिअस, एवढं लक्षात ठेवलं की बाकी अंदाज येतो.

ओटा_आणि_आटा:

ओव्हनवर सगळे बोलले, शेगडीवर मी बोलते, कारण रोज ३ वेळा वापर तिचा आहे. सासूबाईंची उंची किती आहे? ओटा साधारण ३४ इंचांचा करतात, त्यावर साधी शेगडी ठेवली की तवा अजून ४-५ इंच वर जातो आणि बुटक्या बाईला भाकरी उलटताना खांदा उचलून धरावा लागतो, रोजच्या दहा-बारा भाकऱ्यांना ते दुखणंच होऊन बसतं. हॉब ओट्यात रुतलेला असतो त्यामुळे तवा खाली येतो. साधी शेगडीच ठेवायची असेल तर ओटा तेवढ्या भागात खाली घ्या. सासूबाईंना तिथे प्रत्यक्ष उभं करा, हातात परात द्या आणि मग माप घ्या, फर्निचरवाल्याच्या ठरलेल्या मापावर जाऊ नका.

हॉब घेतलात तर बर्नरमधलं अंतर बघा. दुकानात रिकामे बर्नर ऐसपैस दिसतात, पण एकावर मोठा तवा आणि शेजारी कढई ठेवली की एकमेकांना लागतात. स्वतःचा तवा पिशवीत घालून दुकानात न्या, मी नेला होता, कुणी काही म्हणत नाही. पितळी बर्नर घ्या, पॅन सपोर्ट जड बिडाचे घ्या, भाकरी फुगवताना हलके सपोर्ट सरकतात.

आणि हॉबखाली ओव्हन बसवणार असाल तर गॅसची रबरी नळी ओव्हनच्या मागून किंवा त्याला घासून अजिबात जाता कामा नये. ती नळी तशीही ५ वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. सिलेंडर ज्या ट्रॉलीत असेल तिला तळाशी जाळी हवी कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पाइपलाइनचा गॅस उलट हलका, तो वर जातो, त्यामुळे पाइपलाइन आली की वरच्या बाजूनेही हवा खेळायला हवी. तेव्हा बर्नरचे जेटही बदलावे लागतात, ते अधिकृत माणसाकडूनच करून घ्या, घरी पिन घालून भोकं मोठी करणारे लोक मी पाहिलेत, भयंकर आहे ते.

आंबेमोहोर:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्यांना ओटा_आणि_आटा यांचं म्हणणं इतकं पटलं की उद्या साइटवर स्वतः येऊन उभं राहून माप देणार आहेत. कुकिंग रेंज आता डोक्यातून गेली, काकू तुमच्याकडे मात्र ती योग्यच आहे. हॉबखाली ओव्हन नको असंही वाटायला लागलंय, कारण तिथेच सिलेंडरची ट्रॉली येते. फ्रिजशेजारी उंच कपाट होणार आहे, त्यात छातीच्या उंचीला बिल्ट-इन बसवला तर? खमीर, त्यात काही तोटा? आणि नणंदेचा मुद्दा राहतोच, बिघडला तर? ओटीजी उचलून दुकानात नेता येतो, याला माणूस घरी बोलवायचा.

खमीर:

उंच कपाट सगळ्यात उत्तम, फक्त फार वर नको. दार खाली उघडतं ना, तर उघडलेलं दार तुमच्या कोपराच्या जरा खाली यायला हवं, म्हणजे गरम ट्रे दारावर टेकवून मग हात बदलता येतो. डोळ्यांच्या उंचीला बसवलेले ओव्हन मी बघितलेत, दिसायला छान, पण २२० चा ट्रे चेहऱ्यासमोरून काढावा लागतो. दार उघडल्यावर समोर साधारण अर्धा मीटर येतं, समोरून माणूस जाऊ शकेल ना बघा. शेजारी ट्रे ठेवायला हातभर तरी ओटा हवा. कपाटाची आतली खोली ५६ सेंटीमीटर मोकळी मिळायला हवी आणि मागची प्लायवूडची पाठ काढून टाकायला सांगा, गरम हवेला वर जायला वाट लागते. फ्रिज आणि ओव्हनच्या मधे कपाटाची भिंत आणि थोडी फट ठेवा, फ्रिजलाही स्वतःची उष्णता बाहेर टाकायची असते. ओव्हनचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळतं, मॉडेल आधी ठरवा आणि ते चित्र फर्निचरवाल्याच्या हातात द्या, अंदाजे खाच करू देऊ नका.

नणंदेचं म्हणणं खरं आहे आणि ते हलक्यात घेऊ नका. घेण्याआधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे का, कॉइल आणि दाराचं रबर सुटं मिळतं का, हे फोन करून विचारा. मी एका मॉडेलवर अगदी फिदा होते, पण सुट्या भागांना महिना लागेल असं कळलं आणि दुसरं घेतलं. टच पॅनेलपेक्षा फिरवायची बटणं असलेलं घ्या, पिठाच्या हातांनी वापरता येतं आणि व्होल्टेज खालीवर झालं तरी त्यात बिघडण्यासारखं कमी असतं. मायक्रोवेव्ह विकू नका, गरम करायला तोच बरा, एक वाटी आमटीसाठी ७० लिटरचं पोट कशाला तापवायचं.

तारजोडणी:

उंच कपाटात ठरत असेल तर पॉइंट आता सोपा झाला. सॉकेट ओव्हनच्या वरच्या खणात घ्या, खाली फ्रिजचं वेगळं, दोन्ही एका लाइनवर नको. फर्निचरवाल्याच्या आधी वायरमनला साइटवर बोलवा, भिंतीवर खडूने ओव्हनची चौकट आणि सॉकेटची जागा काढून द्या आणि प्लास्टर व्हायच्या आधी पाइप टाकलेल्या भिंतीचा फोटो काढून ठेवा, पुढे चिमणी लावताना ड्रिल कुठे मारायचं ते कळेल. सासूबाई उद्या येणार आहेत तर त्याच वेळी बोलवा म्हणजे ओट्याचं आणि पॉइंटचं माप एकदमच होईल.